मॉश पिट की मंचासमोरची दाटी : कॉन्सर्टमध्ये खरा धोका कुठे असतो?

मुंबईत परदेशी बँडचा कार्यक्रम म्हणजे वर्षानुवर्षे वाट पाहायला लावणारा योग, हे दिवस आता गेले. महालक्ष्मी रेसकोर्सवर २०२३ पासून ‘लोलापलूझा’ भरतो आहे. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईत ‘कोल्डप्ले’चे तीन कार्यक्रम झाले आणि त्याच वर्षी मे महिन्यात ‘गन्स एन रोझेस’ येऊन गेले. असा कार्यक्रम झाला की मोबाइलवर एखादी चित्रफीत फिरू लागते. मंचासमोर माणसे मागे सरतात, मध्ये एक गोल मोकळा होतो, ड्रमचा वेग वाढतो आणि वीस-पंचवीस मुले एकमेकांवर धडाधड आदळू लागतात. खालच्या प्रतिक्रियाही ठरलेल्या असतात : हा काय रानटीपणा, पोलीस काय करत होते, आईवडिलांनी सोडलेच कसे!

त्याच चित्रफितीत गोलाच्या पुढे, मंचासमोरच्या कठड्याला चिकटून उभी असलेली माणसेही दिसतात. ती हलत नाहीत, कारण हलायला जागाच नसते. त्यांच्याबद्दल कोणी काही लिहीत नाही. पण गेल्या पन्नास वर्षांत कॉन्सर्टच्या गर्दीने घेतलेल्या मोठ्या बळींची यादी पाहिली, तर ती जवळपास सगळी या दुसऱ्या, न हलणाऱ्या गर्दीची आहे.

मॉश पिट म्हणजे काय?

पंक आणि मेटल संगीताच्या कार्यक्रमात मंचासमोर तयार होणारी ही नाचण्याची जागा. नाच म्हणावा की झटापट, यावर वाद होऊ शकतो. १९७० च्या दशकाच्या अखेरीस दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पंक कार्यक्रमांत ‘स्लॅम डान्स’ सुरू झाला. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो वॉशिंग्टनपर्यंत पोहोचला. तिथल्या ‘बॅड ब्रेन्स’ या कृष्णवर्णीय कलावंतांच्या बँडचा गायक एच. आर. मंचावरून जमैकन ढंगात ‘मॅश’ म्हणायचा, ऐकणाऱ्यांनी त्याचे ‘मॉश’ केले, असे या शब्दाचे मूळ सांगितले जाते. १९८७ मध्ये ‘अँथ्रॅक्स’ने या शब्दावरून एका गाण्याला नावच दिले आणि तो जगभर गेला.

त्याचे प्रकार आहेत. साध्या पिटमध्ये सगळे कसेही आदळतात. ‘सर्कल पिट’मध्ये एका दिशेने गोल धावतात. ‘वॉल ऑफ डेथ’मध्ये गर्दी दुभंगून दोन बाजूंना उभी राहते आणि इशारा होताच एकमेकांवर धावून जाते, हा प्रकार नावाइतका नसला तरी खरोखर धोक्याचा आहे आणि नवख्याने त्यापासून लांब राहिलेले बरे. ‘क्राउड सर्फिंग’मध्ये माणूस हातांवरून पुढे सरकवला जातो. वरून येणाऱ्याला खालच्या हातांनी झेलायचे, हे गोविंदा पथके पाहिलेल्या महाराष्ट्राला वेगळे समजावून सांगायला नको.

आपल्याकडेही हे काल-परवा आलेले नाही. धोबी तलावच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ व्हायचा. शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे तिथले कार्यक्रम पुढे बंद पडले. त्यानंतरच्या पिढीत मुंबईतल्या ‘डेमॉनिक रिझरेक्शन’, ‘स्क्राइब’ आणि ‘भयानक मौत’ (नाव बँडचे आहे, बातमी नाही) यांच्या कार्यक्रमांत पोरे एकमेकांना धडका देत होती आणि धडपडणाऱ्याला हात देऊन उठवतही होती.

शास्त्रज्ञांना पिटमध्ये काय दिसले?

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या चार संशोधकांनी इंटरनेटवरच्या हेवी मेटल कार्यक्रमांच्या चित्रफिती घेऊन पिटमधल्या माणसांचे वेग मोजले. त्यांचा निबंध २०१३ मध्ये ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ या प्रतिष्ठित नियतकालिकात आला. त्यांना आढळले, की मॉश पिटमधली माणसे बंद भांड्यातल्या वायूच्या कणांसारखी वागतात. कोणी कुठेही जातो, आदळतो आणि दिशा बदलतो. सर्कल पिटमध्ये हीच माणसे भोवऱ्यासारखी फिरू लागतात.

मॉश पिट वायूसारखे आहे, याचा सरळ अर्थ असा, की तिथे जागा आहे. धावायला आणि आदळायला मोकळी जमीन लागते. पिटमध्ये खरचटते, खांदा निखळतो, नाकावर कोपर बसते, क्वचित हाड मोडते, डोक्यालाही मार बसतो. यातले काहीच हसण्यावारी नेण्यासारखे नाही. पण छाती दोन्ही बाजूंनी दाबली जाऊन श्वास कोंडणे ही गोष्ट वायूत होत नाही. ती व्हायला गर्दीचा द्रव व्हावा लागतो.

पिटचे अलिखित नियम कोणते?

पहिला नियम सगळ्यांना ठाऊक असतो : कोणी पडला की आजूबाजूचे सगळे थांबतात आणि त्याला उचलतात. अनोळखी माणसाने बगलेत हात घालून उभे करायचे, ‘ठीक आहे ना?’ असा अंगठा दाखवायचा आणि पुढच्या क्षणी पुन्हा धडक द्यायची, हा त्या जागेचा रिवाज आहे. बूट निघाला तर तो उंच धरून मालक शोधला जातो. चष्मा पडला तर दोन-चार जण हात पसरून कडे करतात.

धक्का खांद्याने किंवा तळहाताने द्यायचा, मूठ आणि कोपर वापरायचे नाही. डोके खाली घालून घुसायचे नाही. ज्याला नाचायचे नाही त्याला आत ओढायचे नाही. पिटच्या कडेला थोराड माणसे पाय रोवून उभी असतात, आतून फेकल्या गेलेल्याला ती परत आत लोटतात आणि आपल्या मागच्यांना धक्का लागू देत नाहीत. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत ढोल पथकाभोवती दोरी धरून चालणाऱ्यांचे जे काम, साधारण तेच. काटेरी पट्टे, कडी, पाठीवरच्या बॅगा बाहेर ठेवायच्या, बुटांच्या नाड्या घट्ट बांधायच्या. हातात मोबाइल घेऊन चित्रण करत पिटमध्ये शिरणारा हा सगळ्यांच्या रागाचा धनी असतो आणि तो राग रास्त आहे.

बँडही यात उतरतात. वॉशिंग्टनच्या ‘फुगाझी’चा इयन मकाय दुसऱ्यांना इजा करणाऱ्या प्रेक्षकाला पाहून गाणे थांबवायचा, त्याला सगळ्यांसमोर सुनवायचा आणि ऐकले नाही तर तिकिटाचे पैसे हातात देऊन बाहेर पाठवायचा. १९९० च्या दशकात ‘बिकिनी किल’च्या कॅथलीन हॅनाने मुलींनी पुढे यावे आणि मुलांनी मागे सरावे, असा आग्रह मंचावरून धरला. तोपर्यंत पिट म्हणजे मुलांची मालमत्ता होती आणि तिथे शिरणाऱ्या मुलीला धडकेपेक्षा नको तिथे लागणाऱ्या हातांचा त्रास जास्त व्हायचा. तो त्रास आजही संपलेला नाही. अंधार आणि धक्काबुक्की यांच्या आडून केलेला स्पर्श चुकून झाला, असे म्हणणे फार सोपे असते. पडलेल्याला उचलण्याचा नियम जितक्या अभिमानाने सांगितला जातो, तितक्या तत्परतेने असा हात पकडून त्याच्या मालकाला रक्षकांच्या ताब्यात दिले जाताना मात्र क्वचितच दिसते. ही पिटच्या शिष्टाचारातली मोठी उणीव आहे.

मग माणसे मरतात कशाने?

इंग्रजी बातम्यांत अशा घटनांना सरसकट ‘स्टँपीड’ म्हणतात. उधळलेल्या गुरांसाठीचा हा शब्द. तो वापरला, की दोष आपोआप पळणाऱ्यांवर जातो. मराठीतला ‘चेंगराचेंगरी’ हा शब्द अधिक नेमका आहे, कारण त्यात पळणे नाही, दाबले जाणे आहे. बहुतेक घटनांत कोणी पळत नसते. पळायला जागा असती तर माणसे मेलीच नसती.

गर्दीच्या शास्त्रातले एक आद्य अभ्यासक जॉन फ्रुइन यांनी मांडले आहे, की एका चौरस मीटरमध्ये सातच्या आसपास माणसे झाली की गर्दी द्रवासारखी वागू लागते. घरातल्या फरशीवर खडूने एक मीटर लांबी-रुंदीचा चौकोन आखून चार जणांनी त्यात उभे राहून पाहावे. चौघे निभावून नेतात. सात जण उभे राहिले की हात वर घेता येत नाहीत. मंचासमोर असे हजारो चौकोन एकमेकांना लागून असतात. मागून आलेला रेटा त्यातून लाटेसारखा पुढे जातो, माणसांचे पाय जमिनीवरून सुटतात आणि ती लाट कठड्याशी येऊन थांबते. अशा घटनांनंतर पोलादी कठडे वाकलेले सापडले आहेत. छाती फुगायला जागा मिळाली नाही की उभ्या उभ्या श्वास बंद होतो. पडणे, तुडवले जाणे हे पुष्कळदा नंतरचे.

या गर्दीचा सर्वात क्रूर भाग असा, की मागच्यांना पुढचे दिसत नाही. पन्नास फुटांवर कोणी गुदमरत असताना मागचा माणूस ‘अजून थोडे पुढे सरकू’ म्हणून साधा खांदा लावत असतो. त्याच्या मनात वाईट काही नसते.

अमेरिकेत सिनसिनाटीला ३ डिसेंबर १९७९ रोजी ‘द हू’ या बँडच्या कार्यक्रमाआधी अकरा जण मेले, तेव्हा तर मंचही समोर नव्हता. बहुतेक तिकिटांवर आसन क्रमांक नव्हता, म्हणजे जो आधी पोहोचेल त्याला पुढची जागा. थंडीत ताटकळलेल्या हजारो लोकांसाठी मोजकीच दारे उघडली. आतून आवाज आला, कार्यक्रम सुरू झाला असे मागच्यांना वाटले आणि रेटा आला. आतल्या प्रेक्षकांना आणि बँडला काहीच कळले नाही, कार्यक्रम पूर्ण झाला आणि मगच बँडला सांगण्यात आले. शहराने पुढे अशा बिनक्रमांकाच्या आसनव्यवस्थेवर बंदी घातली, ती २००४ पर्यंत टिकली.

डेन्मार्कच्या रोस्किल्ड महोत्सवात ३० जून २००० रोजी ‘पर्ल जॅम’ वाजवत असताना पुढच्या भागात माणसे घसरून पडली आणि त्यांच्यावर आणखी पडली. गायक एडी व्हेडरने गाणे थांबवून सगळ्यांना तीन पावले मागे सरायला सांगितले. पण उशीर झाला होता. नऊ तरुण गेले.

ह्यूस्टनमध्ये ५ नोव्हेंबर २०२१ च्या ‘अ‍ॅस्ट्रोवर्ल्ड’ महोत्सवात ट्रॅव्हिस स्कॉटच्या कार्यक्रमात दहा जण गुदमरून मेले. सर्वात लहान बळी नऊ वर्षांचा होता. रात्री ९ वाजून ३८ मिनिटांनी अग्निशमन दलाने मोठ्या दुर्घटनेची नोंद केली. त्यानंतरही कार्यक्रम अर्ध्या तासाहून अधिक चालू राहिला. आयोजकांच्या आराखड्यानुसार कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार फक्त दोन पदाधिकाऱ्यांना होता. स्कॉटला याआधी प्रेक्षकांना कठडे ओलांडायला चिथावल्याबद्दल शिकागो आणि अर्कान्सासमधल्या प्रकरणांत दोषी धरले गेले होते. ह्यूस्टनच्या प्रकरणात मात्र २०२३ मध्ये ग्रँड ज्युरीने कोणावरही फौजदारी आरोप ठेवला नाही. मृतांच्या कुटुंबीयांचे दावे पुढे तडजोडीने मिटले.

या तिन्ही ठिकाणी पिटमधला एखादा नियम मोडला गेला म्हणून माणसे मेली नाहीत. रोस्किल्डच्या प्रेक्षकांनी पडलेल्यांना उचलायचा प्रयत्न केला होता, पण सात जणांच्या चौकोनात वाकता येत नाही. शिष्टाचार पाळायलाही जागा लागते.

पिटचा यात काहीच दोष नाही?

आहे, आणि तो पिटच्या चाहत्यांनी मान्य करायला हवा. मैदान आधीच भरलेले असेल तर पिटसाठी मोकळा केलेला गोल कुठून तरी कापूनच येतो. आतली वीस माणसे मोकळी होतात आणि भोवतालची दोनशे आणखी आवळली जातात. डब्लिनमध्ये १९९६ साली ‘स्मॅशिंग पम्पकिन्स’च्या कार्यक्रमात सतरा वर्षांची मुलगी चेंगरून मेली. बँडने वारंवार थांबून प्रेक्षकांना सावरायला सांगितले होते. सिडनीत २००१ च्या ‘बिग डे आउट’मध्ये ‘लिम्प बिझकिट’च्या वेळी कठड्यापाशी सापडलेली एक शाळकरी मुलगी काही दिवसांनी दगावली. त्यानंतर त्या महोत्सवात मंचासमोर इंग्रजी ‘डी’च्या आकाराचा दुसरा कठडा आला. त्याच्या आत मोजकीच माणसे सोडायची, ती भरली की दार बंद. मागच्या हजारोंचा रेटा दुसऱ्या कठड्यावर अडतो. रोस्किल्डमध्येही आता मंचासमोरच्या भागात मोजून, रांगेने सोडतात आणि क्राउड सर्फिंगला मनाई आहे.

म्हणजे उपाय सापडलेला आहे आणि तो लोखंडाचा आहे, उपदेशाचा नाही.

भारतात अडते कुठे?

गुरगावमध्ये २८ ऑक्टोबर २०११ रोजी ‘मेटालिका’चा भारतातला पहिला कार्यक्रम व्हायचा होता. मंचासमोरचा कठडा तुटला, कार्यक्रम लांबत गेला, शेवटी रद्द झाला आणि चिडलेल्या प्रेक्षकांनी मंचाची नासधूस केली. दोनच दिवसांनी बंगळूरुच्या पॅलेस ग्राउंड्सवर त्याच बँडचा कार्यक्रम पार पडला. गुरगावचे लोक असभ्य आणि बंगळूरुचे सभ्य, अशी चर्चा तेव्हा रंगली. तुटलेल्या कठड्याची चर्चा त्यामानाने कमी झाली.

कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठाच्या खुल्या रंगमंदिरात २५ नोव्हेंबर २०२३ रोजी चार जण मेले. तिथे ना मेटल होते ना मॉश पिट. पाऊस आला, बाहेरचे आत घुसले आणि उतरत्या पायऱ्यांवर माणसावर माणूस पडला. बंगळूरुत ४ जून २०२५ रोजी चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर अकरा जणांचा जीव गेला, तो क्रिकेटचा विजयोत्सव होता. मुंबईकरांना तर २९ सप्टेंबर २०१७ चा एल्फिन्स्टन रोडचा पूल आठवत असेलच. तेवीस जण गेले, आणि ती माणसे कामावर निघाली होती. संगीत कोणते, प्रेक्षक कोणत्या थरातले, याचा चेंगराचेंगरीशी संबंध नसतो.

तरीही परवानगी देताना चर्चा होते ती आवाजाच्या पातळीची, दारूच्या परवान्याची आणि रात्री दहाच्या मर्यादेची. तीही व्हायला हवी. पण मंचासमोरच्या पट्ट्यात किती चौरस मीटर आहेत, तिथे किती तिकिटे विकली, हा प्रश्न तितक्या ठामपणे विचारला जात नाही. एकूण मैदानाची क्षमता सांगून भागत नाही. पन्नास हजारांच्या मैदानात चाळीस हजार लोक असले, तरी त्यातल्या आठ हजारांना पहिल्या पट्ट्यात उभे राहायचे असते, आणि मागे गवत रिकामे पडलेले असते.

त्यात ‘फॅन पिट’ नावाचे महागडे तिकीट आले आहे. कल्पना मुळात वाईट नाही, कारण मोजून माणसे सोडलेला वेगळा पट्टा हाच तर सुरक्षेचा उपाय आहे. पण तो जागा मोजून आखायचा असतो, मागणी पाहून ताणायचा नसतो. ज्याने इतके पैसे मोजले तो सकाळपासून रांगेत उभा राहतो, जागा जाईल म्हणून पाणी पीत नाही, स्वच्छतागृहात जात नाही आणि मुख्य गायक येईपर्यंत निम्मा गळालेला असतो. अनेक ठिकाणी पाण्याची बाटली प्रवेशद्वारावरच काढून घेतात. रिओ दी जानेरोत नोव्हेंबर २०२३ मध्ये टेलर स्विफ्टच्या कार्यक्रमात उष्म्याने एका तरुणीचा जीव गेला, तेव्हा ब्राझील सरकारने पाणी आत नेऊ देण्याचा आदेश काढला. मुंबईचा उन्हाळा रिओच्या तुलनेत काही सौम्य नाही.

कठड्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे ग्लास पुढे करणारी आणि गळालेल्याला वर ओढून घेणारी माणसे हवीत. आपल्याकडे त्या जागी उभा असलेला बाउन्सर पुष्कळदा मंचाकडे कोणी चढू नये एवढेच पाहतो. त्याचे तोंड प्रेक्षकांकडे असते, पण लक्ष त्यांच्या हातांवर असते, चेहऱ्यांवर नाही. ओठ निळे पडलेला, डोळे फिरलेला माणूस ओळखायला शिकवावे लागते.

आणि कार्यक्रम कोण थांबवू शकतो, हे आधी ठरलेले हवे. हजारो लोकांना एकाच वेळी ऐकू जाईल असा आवाज मैदानात फक्त एकाकडे असतो, तो म्हणजे माइक हातात असलेल्या गायकाकडे. कठड्यापाशी उभ्या असलेल्या साध्या रक्षकाची खूण त्याच्यापर्यंत काही सेकंदांत पोहोचली पाहिजे. बंगळूरुच्या घटनेनंतर कर्नाटकने गर्दी नियंत्रणाचे विधेयक आणले, त्यात आयोजकांना शिक्षेची तरतूद आहे. शिक्षा घटनेनंतर होते. कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार घटनेच्या आधी लागतो.

दाटीत सापडल्यास काय करावे?

सर्वात आधी, वेळेवर निघावे. शेजाऱ्याचे अंग सगळ्या बाजूंनी लागू लागले आणि हात चेहऱ्यापर्यंत नेता येईनासा झाला, की आवडते गाणे बाकी असले तरी बाहेरची वाट धरावी. थोड्या वेळाने निघू म्हटले तर निघता येत नाही. आणि मागे उभे असलेल्यांनी पुढे रेटू नये. पुढच्याचा जीव वाचवणारी ही एकच गोष्ट मागच्याच्या हातात असते.

अडकलात तर दोन्ही हात मुष्टियोद्ध्यासारखे छातीसमोर धरावेत, म्हणजे बरगड्यांपुढे श्वासापुरती पोकळी राहते. रेट्याच्या विरुद्ध ताकद लावू नये. लाट ओसरते त्या क्षणी तिरक्या दिशेने एक-दोन पावले कडेला सरकावे, पुन्हा लाट आली की थांबावे. ओरडण्यात श्वास घालवू नये. कठडा जवळ असेल तर हात उंच करून आतल्या रक्षकाकडे वर ओढून घेण्याची खूण करावी, त्यात लाजण्यासारखे काही नाही. शेजारचा गळाला तर त्याला उभा धरून ठेवावा आणि आसपासच्यांना मंचाकडे हात करायला सांगावे. मोबाइल खाली पडला तर तो गेला असे समजावे. त्यासाठी वाकू नये.